देवमासा : नाव आणि नोंद

खालापुरातून वाहणारी पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते. तेव्हा समुद्र आपल्या विद्यार्थ्यांना परका नाही. हिवाळ्यात गेटवे ते मांडवा लाँचमागे उडणारे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या सरोवरांकाठी जन्मलेले असतात. प्रवासी त्यांना शेव-गाठी फेकतात. आपण केवळ निरीक्षण करावे.

देवमासा येथे क्वचितच दिसतो. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा लागला. ग्रामस्थ व वनखात्याने धडपड केली, तरी तो वाचला नाही. त्याच्या नावात देव आहे, मासाही आहे. प्रत्यक्षात तो दोन्ही नव्हे. तो फुप्फुसांनी श्वसन करणारा सस्तन प्राणी आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र १९६५-६६ ची नोंद अधिक अस्वस्थ करते. सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात २४२ हंपबॅक देवमासे मारले आणि सरकारी अहवालांत ते लपविले. जहाजांवरील शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपल्या होत्या. त्या १९९० च्या दशकात उजेडात आल्या. येथील हंपबॅक ध्रुवाकडे स्थलांतर करीत नाहीत, वर्षभर याच समुद्रात राहतात. म्हणून ती तूट बाहेरून आलेल्या देवमाशांनी भरून निघाली नाही.