निगेटिव्ह स्कॅनचे पैसे देताय? मोबाइलचा फोटो घेऊन येऊ नका

बीड असो, अंबाजोगाई असो की परळी, स्टुडिओत शिरल्यावर आधी एवढेच विचारा: स्कॅनरच्या झाकणात निगेटिव्हसाठी दिवा आहे का? झेरॉक्सच्या दुकानातल्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह निघत नाही. मग काही स्टुडिओवाले तुमच्या घरातली प्रिंट मोबाइलने टिपतात आणि बिल स्कॅनचे लावतात. लाइट-बॉक्सवर ठेवून चांगल्या कॅमेऱ्याने निगेटिव्ह टिपली, तर चालेल.

पैसे देण्याआधी फाइलचे 'डिटेल्स' उघडा. मोबाइलचे मॉडेल आणि आजची तारीख दिसली, की समजा तो मोबाइलचा फोटो. काहीच दिसले नाही तर घाईने ठरवू नका. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ही माहिती जाते, शिवाय फोटोही लहान होतो. फाइल पेनड्राइव्हवरच घ्या. पेनड्राइव्ह घरून न्या, नाहीतर त्याचे पैसे वेगळे.

आता पिक्सेल. ३५ मिमी रोलची फ्रेम २४ बाय ३६ मिमीची. २४०० डीपीआयला (इंचामागे ठिपके) साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात. ३०० डीपीआयला जेमतेम ४२५ बाय २८३. डीपीआय पावतीवर लिहून घ्या. पिक्सेलचा आकडा नंतर फुगवताही येतो, म्हणून फोटो मोठा करून पाहा: फिल्मचा बारीक, अनियमित दाणा दिसायला हवा. चकाकीचा पट्टा, कागदाचा पोत, तिरकी कड दिसली तर ती प्रिंटची नक्कल. पक्की खात्री हवी? एक फ्रेम काठासकट मागा, काठावर फ्रेमचा नंबर असतो.

दर फ्रेममागे की रोलमागे, ते आधीच ठरवा. समजा फ्रेमला १० रुपये: ३६ च्या रोलचे ३६०. वर १८ टक्के जीएसटी मागितला तर ६४ रुपये ८० पैसे. पण पावतीवर जीएसटी क्रमांक नसेल तर तो देऊ नका. 'क्लीनिंग' फुकट म्हणाले तरी सावध राहा. त्यासाठी वापरलेल्या एआयमुळे आजीच्या नथीचा आणि डोळ्यांचा आकार बदलू शकतो. न सुधारलेली फाइल वेगळी मागा.

लग्नसराईत स्टुडिओवाल्याला सवड नसते, पितृपक्षात जा.

जमिनीच्या वादात फोटो लागणार असेल, तर निगेटिव्ह कुणालाही देऊन टाकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल फाइलसोबत हॅश (फाइलची डिजिटल ओळखखूण) नोंदवलेले प्रमाणपत्र लागते. त्याचा नमुना वकिलाकडून आधी घ्या, मग स्कॅनला जा.