तारेने आलेले इंटरनेट बिनतारी कसे वाटावे?

गेल्या सत्रात नववीतील एका मुलाने मला असा प्रश्न केला की, "सर, आमच्या घरी इंटरनेटची तार थेट दादाच्या लॅपटॉपास जोडलेली आहे. तो अभ्यासास बसला म्हणजे माझा फोन कोरडाच राहतो. त्या तारेतले थोडे मला घेता येईल काय?" प्रश्न साधा दिसला, तरी त्याच्या पोटात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि जोडणीचे पैसे पालक भरतात, तेव्हा त्यांनीही हे समजून घेतलेले बरे. म्हणून त्याचे उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहे.

आपला नाथसागर तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर व उजवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे. परंतु प्रत्येक शेतकरी काही कालवा आपल्या बांधापर्यंत आणीत नाही. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, असे पाणी पुढे जाते. लॅपटॉपाकडून आपणांस हेच काम करवून घ्यावयाचे आहे. त्याच्या ठायी इंटरनेट घेण्याची दोन द्वारे असतात: एक तार खोचण्याचे, व दुसरे वायफायचे, म्हणजे एक लहानसे रेडिओयंत्र. तारेने काम चालू असता हे रेडिओयंत्र रिकामे बसलेले असते. त्यास घेण्याऐवजी देण्याच्या कामी लावले की झाले.

विंडोज १० मध्ये २०१६ सालापासून ही सोय आयती आहे व विंडोज ११ मध्येही ती आहे. 'सेटिंग्ज' उघडून 'नेटवर्क अँड इंटरनेट' ह्या विभागात जावे. तेथे 'मोबाईल हॉटस्पॉट' असे नाव दिसेल. नावात मोबाईल असला तरी प्रकरण लॅपटॉपाचेच आहे, ह्याने गोंधळू नये. कोणती जोडणी वाटावयाची ह्या प्रश्नापुढे 'इथरनेट' म्हणजे तारेची जोडणी निवडावी आणि कशावरून वाटावयाची ह्यापुढे 'वायफाय'. नंतर 'एडिट' दाबून आपल्या पसंतीचे नाव व किमान आठ अक्षरांचा पासवर्ड घालावा, व शेवटी वरचे बटण चालू करावे. फोनच्या वायफाय यादीत ते नाव दिसू लागते. एका वेळी आठ यंत्रे जोडता येतात. मॅक संगणकावर हीच सोय 'इंटरनेट शेअरिंग' ह्या नावाने आहे.

चारी फोडल्याने कालव्यातले पाणी वाढत नाही, हे मात्र ध्यानात असावे. थोरल्या भावाचा चित्रपट व धाकटीचा गणिताचा पाठ एकाच वेळी चालू झाले, तर दोन्ही अडखळतील.

परंतु कालव्याची उपमा येथे अपुरी पडू लागते. पाणी एकाच दिशेने वाहते. इंटरनेटवर मात्र आपण मागणी पाठवितो आणि तिचे उत्तर नेमके आपल्याकडेच परत यावे लागते. वसतिगृहाच्या टपालाची कल्पना करा. अधीक्षक मुलांची सर्व पत्रे वसतिगृहाच्या एकाच पत्त्यावरून रवाना करतात. कोणते पत्र कोणाचे, ह्याची टिपणे त्यांच्या वहीत असतात, आणि उत्तर आले की वही पाहून ते ज्याचे त्यास देतात. लॅपटॉप असाच अधीक्षक होतो. विंडोजचा लॅपटॉप बहुधा स्वतःस १९२.१६८.१३७.१ हा घरगुती पत्ता घेतो व फोनांस त्याच्याच जवळचे पत्ते देतो. बाहेरच्या जगास हे पत्ते दिसतच नाहीत. ह्या युक्तीचा निबंध १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळच्या पद्धतीत एकंदर सुमारे ४२९ कोटीच पत्ते संभवत होते, व ते पुरणार नाहीत अशी चिंता जाणत्यांस पडली होती.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे. बाहेरच्या जगास पत्ता दिसतो तो तुमच्या जोडणीचा. फोन कोणाच्या हातात होता हे त्या पत्त्यावरून कळत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांस धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी पत्त्याचा माग काढला तो नवी मुंबईतील एका परदेशी रहिवाशाच्या घरी येऊन थांबला. पत्र पाठविणारे दुसरेच होते. त्या गृहस्थांचे वायफाय कुलूप न लावलेले होते, एवढाच काय तो संबंध. तथापि चौकशीचा ससेमिरा त्यांच्यामागे लागलाच. सबब पासवर्ड न सांगता येण्याजोगा ठेवावा. स्वतःचे नाव व जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड हा पासवर्डच नव्हे. पाहुण्यास दिला असेल तर तो गेल्यावर बदलावा. शेजारच्या मुलास परीक्षेचा अर्ज भरावयास द्यावाच, परंतु आपल्या समक्ष. आणि वसतिगृहाची अथवा कचेरीची जोडणी असेल, तर तिच्या चालकांस विचारल्यावाचून वाटप करू नये.

जुन्या वाड्यात राहणाऱ्यांस आणखी एक अडचण येईल. जाड भिंतींपलीकडे लहरी क्षीण होतात व पत्रा तर त्यांस पुष्कळच अडवितो. तेथे ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झ हा पट्टा निवडावा. तो वेगास कमी, पण भिंतीतून अधिक पोचतो. हा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी सरकारने २००५ साली परवान्यावाचून खुला केला. रेडिओ ऐकण्यासाठीही पोस्टात परवान्याचे पैसे भरणाऱ्या आजोबांस हे सांगून पाहा!

रोजचीच गरज असेल तर लहानसा राउटर घ्यावा, असे माझे मत आहे. लॅपटॉप हा झोपणारा अधीक्षक आहे. एकदा माझ्या घरी तिघी मुली अशाच जोडणीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरीत होत्या. माझे काम आटोपले म्हणून मी सवयीने लॅपटॉपाचे झाकण मिटले. क्षणात तिघींचेही फोन थांबले, व एकीचा अर्ज अर्धाच राहिला. तिने तो पुन्हा पहिल्या रकान्यापासून भरला, आणि तो पाठवून होईपर्यंत मी झाकणावर हात ठेवून बसलो.