माळावरचा पाऊस, नदीतलं पाणी

ऑगस्ट लागला की लीड्समधल्या आमच्या मराठी घरांत पुण्या-मुंबईचे पाहुणे यायला लागतात आणि बहुतेकांना हेदर नावाच्या झुडपांचा जांभळा बहर बघायचा असतो. यॉर्कशरच्या उंच माळांना इथं मूर म्हणतात. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत ते नजर पोचेल तिथपर्यंत जांभळे होतात. ज्यानं कास पठार ऐन बहरात पाहिलंय त्याला हे वेड समजावून सांगावं लागत नाही. मीही याच वेडापायी इथले माळ आणि त्यांच्या पायथ्याच्या नद्या वर्षानुवर्षं तुडवते आहे. पाहुण्यांना घेऊन निघण्याआधी मात्र मी त्यांना समोर बसवते आणि काही गोष्टी सांगते. सह्याद्रीत भटकलेल्यांना तर जरा जास्तच वेळ बसवते, कारण या माळांची त्यांना भीतीच वाटत नाही. कडा नाही, घळ नाही, आणि उंची सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही.

पहिलं सांगणं असं, की नदीकाठी जायचं असेल तर आधी माळाकडे बघा. वर काय पडलंय, काय पडतंय, ते कळल्याशिवाय पाण्याजवळ जाऊ नका.

हे मला पुस्तकात वाचून जितकं कळलं नव्हतं तितकं एका दिवसात कळलं. पुण्याहून माझे दीर, जाऊबाई आणि पुतण्या आले होते. आम्ही वॉर्फ नदीकाठच्या बोल्टन ॲबीला गेलो. बाराव्या शतकातल्या ऑगस्टिनियन मठाचे अवशेष, समोर नदीचं रुंद वळण, त्यात माणसांना पलीकडे जायला ओळीनं मांडलेले साठेक दगड, आणि वरच्या अंगाला बार्डनचा माळ. हेदर आणि नदी एकाच दिवसात बघायची तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. कॅव्हेंडिश पॅव्हिलियनपासून लाकडी पूल ओलांडून ‘व्हॅली ऑफ डेसोलेशन’ नावाच्या दरीतून वाट वर चढते, धबधब्यावरून आणि झाडीतून माळावर निघते आणि सायमन्स सीटच्या खडकांपर्यंत जाते. उंची ४८५ मीटर. त्या दरीला उजाडपणाचं नाव पडलं ते १८२६ मधल्या एका प्रचंड वादळामुळे. आज ती इतकी हिरवीगार आहे की हे कुणाला खरं वाटत नाही.

माळावर पोचलो तेव्हा ऊन होतं. हेदरला मधाचा वास येत होता, मधमाश्या घुमत होत्या. जाऊबाई तर वाट सोडून थेट झुडपांत जाऊन बसल्या. (त्याचं पुढे सांगते.) सायमन्स सीटचे खडक समोर दिसत असताना पश्चिमेकडून ढग उतरला आणि बघता बघता खडक दिसेनासे झाले. मग पाऊस. सह्याद्रीसारखा कोसळणारा नव्हे, बारीक, आडवा, वाऱ्याबरोबर कॉलरमधून आत शिरणारा.

“एवढं आलोय तर शिखर करूनच जाऊ,” भाऊजी म्हणाले. पुतण्यालाही तेच वाटत होतं. हरिश्चंद्रगड त्यानं धुक्यात केलेला. मी नको म्हटलं आणि आम्ही आल्या वाटेनं परत फिरलो. कारण धुक्यात माळावर खुणेला काहीच उरत नाही. मेंढ्यांच्या पायवाटा माणसांच्या वाटांसारख्याच दिसतात, दोनशे पावलं नेतात आणि हेदरमध्ये विरून जातात. जिथं फार तजेलदार, पोपटी हिरवं दिसतं तिथं खाली दलदल असते. मोबाईलला अनेक ठिकाणी रेंज नसते. आणि ऑगस्टमध्येसुद्धा ओले कपडे आणि वारा एकत्र आले की अंगातली ऊब झपाट्यानं जाते. जीन्स घालून आलेल्या पुतण्याचे दात वाजायला लागले होते. कुडकुडणं ही पहिली पायरी. माणूस अडखळत बोलू लागला, बटण लावता येईना, किंवा मघापासून कुरकुरणारा अचानक गप्प झाला, तर प्रकरण पुढे गेलं असं समजा. आडोशाला बसवा, ओलं काढून कोरडं चढवा, शुद्धीवर असेल तर गोड आणि गरम द्या. लोकर किंवा सिंथेटिक चालतं, सुती कपडा मात्र माळावर नको.

खाली उतरलो तर पुन्हा लख्ख ऊन! चहा झाला, कपडे सुकले, आणि पुतण्याला स्ट्रिड बघायचा होता.

स्ट्रिड ही वॉर्फ नदीतली अशी जागा आहे जिथं चांगली रुंद नदी अचानक खडकांच्या एका फटीत शिरते. फट इतकी अरुंद, की एका ढांगेत पलीकडे जाता येईल असं वाटतं. सगळी नदी तिथं जणू आडवीची उभी होते. रुंदीत मावत नाही ते पाणी खोलीत जातं, आणि काठाचे खडक खालून पोखरलेले आहेत. वरून जो भक्कम कठडा दिसतो त्याच्या पोटात पाणी असतं. शेकडो वर्षांत इथं अनेक जीव गेलेत. बाराव्या शतकातला एक खानदानी मुलगा उडी मारताना बुडाला आणि त्याच्या आईनं त्याच्या आठवणीसाठी मठाला जागा दिली, अशी आख्यायिका आहे. वर्ड्सवर्थनं त्यावर कविता लिहिली.

“काकू, हे तर सहज पार होईल,” पुतण्या म्हणाला. मी त्याला पाणी बघायला सांगितलं. सकाळी मठापाशी तळाचे गोटे दिसत होते. आता तेच पाणी गढूळ तपकिरी, वर फेस, काड्या आणि हेदरच्या डहाळ्या वाहत येत होत्या. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण माळावर दुपारी पडलेला पाऊस आत्ता इथं पोचत होता. त्याला पटवलं ते मात्र भाऊजींनी. मळगंगेच्या यात्रेला ते निघोजला गेलेले होते, कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे त्यांनी पाहिलेले. स्ट्रिडच्या कडेचे गोल, गुळगुळीत खड्डे बघून त्यांनी लगेच ओळखलं. प्रकार तोच आहे. निघोजला बसाल्ट, इथं ग्रिटस्टोन नावाचा खरबरीत वालुकाश्म. पण दोन्हीकडे भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी खडक कोरला. इथं ते खळगे एकमेकांना जोडले जाऊन ही फट झाली. “पावसाळ्यात कुकडीत उतरशील का?” एवढंच त्यांनी विचारलं. पुतण्या मागे सरला.

परत मठापाशी आलो तेव्हा मधल्या दगडांवरून पाणी जायला लागलं होतं आणि तरी माणसं मुलांचे हात धरून त्यावर चढत होती. दहा पावलांवर पूल आहे. पूल घ्या. नदी चढते आहे का हे कळायला एक सोपा उपाय सांगते. काठावरचा एखादा दगड हेरून ठेवा आणि दहा मिनिटांनी तो किती बुडाला ते बघा. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावर नद्यांची पातळी दिसते. निघण्याआधी ती आणि वरच्या खोऱ्याचा हवामान अंदाज, दोन्ही बघा. फक्त ज्या गावी उतरणार तिथला अंदाज बघून उपयोग नाही.

नदी इतकी पटकन का चढते, त्याचं कारण माळाच्या पोटात आहे. हेदरखाली पीट असतं, हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर. त्यावरचं स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं, म्हणून लोकांना वाटतं माळ पाऊस पिऊन टाकेल. पण यॉर्कशरचा माळ बहुतेक वेळा आधीच तुडुंब असतो, वरचं पाणी वरच्यावर निसटतं. त्यात गेल्या शतकात, विशेषतः १९६० आणि ७० च्या दशकांत, माळ कोरडे करण्यासाठी जिकडेतिकडे चर खणले गेले आणि ते पाणी थेट ओढ्यात नेऊन सोडतात. यॉर्कशर पीट पार्टनरशिप २००९ पासून हे चर बुजवून शेवाळ परत लावते आहे. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो. पुरापासून गावं वाचवायची सुरुवात माळावर होते, हे त्यांनी ओळखलं.

मुलांना पाण्यात खेळू द्यायचं असेल तर आणखी एक. इल्क्लीजवळचा वॉर्फचा पट्टा डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधलं नदीवरचं पहिलं अधिकृत स्नानस्थळ ठरला, आणि तपासणीत त्याच्या पाण्याला निकृष्ट हा शेरा मिळाला. जोराच्या पावसात सांडपाणीही नदीत येतं. पाऊस झाल्यावर डुंबू नका, पाणी तोंडात जाऊ देऊ नका.

वेळेचा हिशेब नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये घालून दिलाय, अजून उपयोगी आहे. पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ३०० मीटर चढाईला वर अर्धा तास. घरची मंडळी बरोबर असतील तर आलेल्या उत्तरात निम्म्यानं भर घाला. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ हवं, आणि ते वापरता यायला हवं. अडकलात तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. या खोऱ्यात १९४८ पासून स्वयंसेवकांचं पथक आहे. ते पैसे घेत नाहीत. आवाज द्यायचा तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

माळावर शेगडी पेटवायची नाही. २०१९ च्या ईस्टरला इल्क्लीचा माळ पेटला होता, आणि पीटला लागलेली आग आत धुमसत राहते. १२ ऑगस्टपासून ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि तोच हेदरच्या बहराचा काळ. शिकारीच्या दिवशी माळ बंद असू शकतो, पाट्या वाचा. कुरणातून जाताना गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका.

आता जाऊबाई. पुण्याला परतल्यावर त्यांच्या गुडघ्यामागे एक लालसर चट्टा उठला. खाज नाही, दुखणं नाही, पण तो रोज थोडा थोडा पसरत होता आणि मधला भाग निवळत चालला होता. तिथल्या डॉक्टरांनी नायटा समजून मलम दिलं. चट्टा वाढतच गेला, मग अंग मोडून आलं. फोनवर सहज बोलता बोलता त्यांनी मला हे सांगितलं आणि मला हेदरमध्ये बसलेल्या जाऊबाई आठवल्या.

हेदर आणि नेच्यांच्या झुडपांत गोचीड असते. आपल्याकडे गुरांच्या अंगावर दिसते तशी टम्म फुगलेली नव्हे. इथली पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी, आणि चावली तरी कळत नाही. सगळ्याच गोचिडी रोगट नसतात, पण काहींमधून लाइम हा जिवाणूंचा आजार होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत आणि कानांमागे बघायचंच. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. तेल, रॉकेल किंवा पेटती काडी लावू नका. लवकर काढली तर धोका बराच कमी होतो. माळावर लांब पँट, पायमोज्यांत खोचलेली, आणि बसायचं तर खडकावर.

चट्टा साधारण एक ते चार आठवड्यांत उठतो, म्हणजे पाहुणे तोवर भारतात परतलेले असतात, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांसमोर हा आजार सहसा येत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये माळावर हिंडून आलोय हे आपणच आधी सांगायला हवं. चट्ट्याचे तारीखवार फोटो काढून ठेवा. तसा पसरणारा चट्टा असेल तर निदानासाठी रक्ततपासणी लागतेच असं नाही. सुरुवातीला ती निगेटिव्हही येऊ शकते, त्यावर विसंबून उपचार लांबवू नयेत. जाऊबाई फोटो घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या, तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन घेतलं आणि बऱ्या झाल्या.