दुर्घटना, चर्चा आणि सार्वजनिक प्रसारण

'कम्युनिकेशन सिस्टिम'च्या पहिल्याच लेक्चरला आपण एक ब्लॉक डायग्राम काढतो. माहितीचा उगम, ट्रान्समीटर, चॅनेल, रिसीव्हर आणि मध्येच बाण दाखवून घातलेला 'नॉईज'. परीक्षेत चार मार्कांना येणारी ही आकृती एखाद्या मोठ्या दुर्घटनेच्या दिवशी आख्ख्या देशाला लागू पडते. काय झालं, किती गेले, कोणी केलं, आता काय करायचं, हे कोट्यवधी लोकांना एकाच वेळी जाणून घ्यायचं असतं. अशा वेळी नॉईज सगळ्यात जास्त असतो आणि सिग्नलची गरजही सगळ्यात जास्त असते. हे काम मुख्यतः ज्याच्यावर सोपवलं आहे ते म्हणजे सार्वजनिक प्रसारण. आपल्याकडे आकाशवाणी आणि दूरदर्शन.

'ते तर सरकारी, कोण बघतं?' असं होस्टेलमध्ये कुणीही म्हणेल. म्हणूनच या विषयाकडे जरा अभ्यासाच्या नजरेनं बघू.

सार्वजनिक म्हणजे नेमकं काय?

प्रसारणाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. सरकारी प्रसारण सरकारचं म्हणणं लोकांपर्यंत नेतं. खाजगी प्रसारण जाहिरातींवर चालतं, म्हणून त्याला प्रेक्षकसंख्या लागते. सार्वजनिक प्रसारण लोकांच्या पैशावर चालतं आणि त्यानं लोकांनाच उत्तरदायी असावं अशी अपेक्षा असते. ब्रिटनमधील बीबीसीचा मोठा खर्च घराघरातून भरलेल्या वार्षिक लायसन्स फीमधून निघतो, तो यासाठीच.

अर्थात बीबीसी म्हणजे धुतल्या तांदळासारखी, असंही समजू नका. 1926 च्या सार्वत्रिक संपात विरोधी पक्षनेते रॅम्से मॅकडोनाल्ड यांना तिनं मायक्रोफोनवर बोलू दिलं नव्हतं. स्वायत्तता ही एकदा मिळाली आणि संपलं अशी वस्तू नाही. प्रत्येक संकटात तिची पुन्हा परीक्षा होते. आपल्या देशातल्या अशा काही परीक्षा आता पाहू.

पहिली परीक्षा : वेळ

31 ऑक्टोबर 1984. सकाळी सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीवरून त्यांच्या मृत्यूची बातमी दुपारीच जगभर गेली. आकाशवाणीनं मात्र ती संध्याकाळी सहाच्या सुमारास दिली. राजीव गांधी त्या दिवशी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते आणि बातमीचा अंदाज घेण्यासाठी तेसुद्धा ट्रान्झिस्टरवर बीबीसीच ऐकत होते! देशाच्या पंतप्रधानांच्या मुलाला आईची खबर परदेशी रेडिओवर शोधावी लागली, यात सगळं आलं.

यावर कुणी म्हणेल, खात्री करून घ्यायला वेळ लागणारच ना? बरोबर आहे. पण खात्री करण्यासाठी थांबणं वेगळं आणि वरून परवानगी येईपर्यंत थांबणं वेगळं. पहिल्यात प्रसारक निदान एवढं तरी सांगतो की 'हे आम्हाला माहीत आहे, हे अजून माहीत नाही'. दुसऱ्यात तो गप्प बसतो, आणि त्या गप्पपणात अफवा शिरते. आपल्या आकृतीच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल शून्य झाला तरी नॉईज शून्य होत नाही. रिसीव्हर चालूच असतो, मग त्याला फक्त नॉईजच ऐकू येतो.

दुसरी परीक्षा : संयम

त्याच आठवड्यात उलटा धडाही मिळाला. तीन मूर्ती भवनात पार्थिव दर्शनासाठी ठेवलं होतं आणि दूरदर्शनवर त्याचं थेट प्रक्षेपण चालू होतं. तिथल्या गर्दीतल्या 'खून का बदला खून' अशा घोषणा टीव्हीवरून घराघरात ऐकू आल्या, असं अनेकांनी नंतर नोंदवून ठेवलं आहे. त्या दिवसांत एकट्या दिल्लीत अधिकृत आकड्यानुसार 2,733 शीख मारले गेले. या हत्याकांडाची कारणं अर्थातच टीव्हीपुरती नव्हती. पण पेटलेल्या शहरात कॅमेरा नुसता चालू ठेवणं हासुद्धा एक निर्णयच असतो, हे यातून कळतं.

चोवीस वर्षांनी मुंबईत काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. 26 ते 29 नोव्हेंबर 2008 या काळात ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस इथली कारवाई खाजगी वाहिन्यांनी जवळजवळ सलग थेट दाखवली. कमांडो कुठून उतरतायत, कोण कुठे लपलंय, सगळं पडद्यावर! आणि पलीकडे पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तोच पडदा बघून फोनवरून अतिरेक्यांना सूचना देत होते. कसाब खटल्याच्या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. माध्यमांचं नियमन फक्त माध्यमांनीच करावं, या युक्तिवादाचंच त्यामुळे मोठं नुकसान झालं, अशा आशयाचं मत न्यायालयानं मांडलं. पुढे 2015 मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण बंद, फक्त नेमलेल्या अधिकाऱ्यानं वेळोवेळी दिलेली माहिती दाखवायची.

हा नियम आवश्यक आहे, पण त्यातही एक मेख आहे. माहिती देणारा अधिकारी एकच असेल, तर तो जे सांगेल तेच खरं मानावं लागतं. म्हणून कारवाई संपल्यावर प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं. इथे तिसरी परीक्षा सुरू होते.

तिसरी परीक्षा : चर्चा

दुर्घटनेच्या दिवशी माहिती हवी असते. त्यानंतर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, 'हे का झालं?' याची चर्चा हवी असते. आपल्या क्षेत्राशी अगदी जवळचं उदाहरण म्हणजे भोपाळ. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांनी या दुर्घटनेवर 'बियाँड जेनोसाइड' हा माहितीपट केला. 1987 चा सर्वोत्तम माहितीपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालं. पण दूरदर्शननं तो दाखवायला नकार दिला!

कारणं वाचण्यासारखी आहेत. चित्रपटात संयम नाही, प्रकरण न्यायालयात आहे, नुकसानभरपाईचे दावे चालू आहेत, राजकीय पक्ष हा मुद्दा उचलून धरतायत आणि राज्य सरकारच्या कारभारावर टीका आहे. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1992 मध्ये न्यायालयानं दूरदर्शनचा नकार चुकीचा ठरवला. सरकारवर टीका आहे एवढ्यावरून चित्रपट नाकारता येत नाही, आणि दूरदर्शन लोकांच्या पैशावर चालत असल्यामुळे नकाराचं पटेल असं कारण देण्याची जबाबदारी त्याच्यावरच आहे, असा या निकालाचा सारांश. म्हणजे सरकार पारितोषिक देतं आणि सरकारचीच वाहिनी दाखवत नाही, ही गंमत न्यायालयाला मोडून काढावी लागली.

याउलट 'तमस'. फाळणीच्या दंगलींवरची भीष्म सहानींची कादंबरी आणि गोविंद निहलानींची मालिका. 1988 च्या सुरुवातीला ती दाखवण्याचं धाडस दूरदर्शननंच केलं. विरोध झाला, निदर्शनं झाली, मुंबई उच्च न्यायालयात स्थगितीही मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. त्यासाठी जी कसोटी वापरली ती मूळची आपल्या नागपूरची. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं होतं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसाच्या नजरेनं तोलायचा. प्रत्येक विरोधी मतात धोका बघणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेनं नाही.

दोन्ही उदाहरणांत संस्था तीच होती. एकदा ती कचरली, एकदा उभी राहिली. म्हणून 'सरकारी आहे, सोडून द्या' म्हणणं सोपं असलं तरी पुरेसं नाही.

कायदा काय म्हणतो?

1978 मध्ये बी. जी. वर्गीज समितीनं 'आकाश भारती' या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली. संसदेनं प्रसार भारती कायदा 1990 मध्ये केला, पण तो अमलात यायला सप्टेंबर 1997 उजाडला. मधल्या काळात, 1995 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं एका क्रिकेट प्रक्षेपणाच्या वादात मोठा निकाल दिला. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या मक्तेदारीत असू नये आणि खाजगी मक्तेदारीतही जाऊ नये. हा निकाल देणाऱ्यांत मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते.

प्रसार भारती कायद्याचं कलम 12 जरूर वाचा. सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची माहिती मुक्तपणे, सत्य आणि वस्तुनिष्ठ स्वरूपात मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपणं आणि स्वतःचं मत न लादता परस्परविरोधी मतं मांडणं, ही उद्दिष्टं त्यात स्पष्ट लिहिली आहेत. पण त्याच कायद्यातलं कलम 23 देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी अमुक दाखवा, अमुक दाखवू नका असे निर्देश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला देतं. शिवाय पैसा मुख्यतः सरकारी अनुदानातून येतो. म्हणजे हक्क कागदावर आहे, आणि पैशाची चावी दुसऱ्याच्या खिशात!

मग आपण काय करायचं?

आधी थोडं तांत्रिक. मोबाइलवर लाखो लोक एकदम आले की नेटवर्क कोलमडतं. रेडिओचं तसं नाही. एका ट्रान्समीटरवर दहा जण ऐकोत की दहा लाख, त्याच्यावरचा भार वाढत नाही, आणि ऐकायला दोन पेन्सिल सेल पुरतात. पूर, वादळ, भूकंप अशा वेळी ही गोष्ट जीव वाचवू शकते. तेव्हा ब्रॉडकास्ट हे जुनाट तंत्रज्ञान समजून मोडीत काढू नका.

आता बातमीबद्दल. पुढच्या वेळी होस्टेलच्या ग्रुपवर एखादी भयंकर बातमी आली, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही माहिती कोणाकडून आली आणि त्यांना ती कशी कळली? माहीत नसलेलं काय, हे ते सांगतात का? आणि ही बातमी पसरल्यानं घटनास्थळी असलेल्या कुणाचा जीव धोक्यात येईल का?

चौथा प्रश्न काही महिन्यांनी विचारायचा : त्या दुर्घटनेच्या चौकशीचं पुढे काय झालं? आपल्यापैकी कितीतरी जण उद्या रासायनिक कारखान्यात, धरणावर, पुलांवर, रेल्वेत काम करणार आहेत. भोपाळसारख्या ठिकाणी जे चुकलं त्याची उघड चर्चा झाली तर ते आपल्याला शिकता येतं. चर्चा दाबली तर तीच चूक आपल्या सहीनं पुन्हा होऊ शकते. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीवर ही चर्चा दिसत नसेल, तर ती मागण्याचा हक्क कलम 12 नं आपल्याला दिलेला आहे. तो वापरायला इंजिनिअर होईपर्यंत थांबायची गरज नाही.