एकविसाव्या दिवसाचा आकडा

विवाहानंतर काही वर्षे लोटूनही अपत्य होईना, तेव्हा सुरू झालेल्या तपासण्यांत पाळीच्या एकविसाव्या दिवशी रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजण्याची एक होती. आणि तो आकडा एका नॅनोग्रॅमहूनही कमी निघाल्यामुळे ‘बीज सुटत नाही’ असा शेरा माझ्या कागदावर पडला. त्या शेऱ्याच्या आधारावर पुढे कित्येक महिने गोळ्या चालल्या, सासरी-माहेरी कुजबूज झाली. पाळी किती दिवसांनी येते, हा प्रश्न मात्र मला कोणीच विचारला नव्हता. ती ३५ दिवसांनी येई.

या चक्राचा सारा कारभार मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आणि अंडाशय यांच्यामध्ये अखंड चाललेल्या खलित्यांवर अवलंबून असतो. ग्रंथीकडून एफएसएच हे संप्रेरक सुटले की बीजपुटके वाढीस लागतात, त्यांतले एक पुढे सरसावून इस्ट्रोजेन स्रवू लागते. आणि जे इस्ट्रोजेन एरवी ग्रंथीला आवर घालते, तेच भरपूर प्रमाणात सुमारे दोन दिवस टिकले म्हणजे उलट तिला चेतवते, तिचे एलएच हे दुसरे संप्रेरक एकाएकी उसळते व त्यानंतर सुमारे ३६ तासांत बीज सुटते. मागे उरलेल्या पुटकाचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन निर्माण करतो आणि गर्भ न राहिल्यास साधारण १४ दिवसांत ओसरतो. पुटकाच्या वाढीचा काळ स्त्रीगणिक, फार काय, एकाच स्त्रीच्या दोन महिन्यांतही कमीजास्त होतो. पीतपिंडाची मुदत त्या मानाने ठरलेली. म्हणूनच जपानात ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात बीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजला.

एकविसावा दिवस योग्य ठरतो तो २८ दिवसांच्या पाळीत, कारण तेव्हा पुढची पाळी सात दिवसांवर असते. माझ्या बाबतीत त्या दिवशी बीज जेमतेम सुटण्याच्या बेतात असणार! हे एका वयोवृद्ध डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून तारखा ओळीने लिहवून घेऊन समजावले, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा रक्त घेतले आणि आकडा दहाच्या वर निघाला. यजमानांची तपासणी तोवर कोणी करविलीच नव्हती.

ज्या भगिनींना ही तपासणी सांगितली जाईल त्यांनी मागल्या सहा पाळ्यांच्या तारखा सोबत न्याव्यात, आणि पाळी अनियमित असल्यास दर आठवड्याला, पुढची पाळी येईपर्यंत, रक्त पुन्हा तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. रक्त दिल्यानंतर पाळी कोणत्या तारखेला आली, तेही त्याच कागदावर लिहून ठेवावे. त्या तारखेवाचून आकड्याचा अर्थ लागत नाही.