बाटलीवरचे वासरू : दूध केव्हा तोडावे?



उसाच्या नोंदी घेत वसमत, औंढा, कळमनुरी भागात वस्त्यांवर फिरताना आम्हाला एक दृश्य वारंवार दिसते. दोन-अडीच महिन्यांचे वासरू, अंगावर राठ केस, पोटाचा नगारा आणि पुढ्यात वाढ्यांची पेंढी. "दूध तोडलंय, आता वाढं खातंय की," असे मालक सांगतो. वासरू खाते खरे, पण अंगी लागत नाही. अशी कालवड माजावर यायला दोन-तीन वर्षे लावते, नाही तर हगवण लागून मध्येच जाते. मग गाय बाजारातून विकत आणावी लागते.

आपली लाल कंधारी गाय वासरू पुढे असल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही, म्हणून तिचे वासरू कासेवरच वाढते. बाटलीचा प्रश्न येतो तो संकरित गाईच्या वासराचा आणि आई दगावलेल्या वासराचा. २०२२ साली लम्पी रोगाने राज्यात हजारो जनावरे गेली, तेव्हा अशी पोरकी वासरे सांभाळण्याची वेळ अनेकांवर आली.

पहिला दिवस चिकाचा. गाईच्या पोटात असताना वासराला रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आतड्यातून ती शोषली जाण्याची ताकद तासातासाने घटते आणि २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून जार पडण्याची वाट न पाहता जन्मल्यावर एक-दोन तासांत चीक पाजावा. आई नसेल तर त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या गाईचा चालतो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायला विसरू नये.

पुढे दूध रोज वजनाच्या किमान दहाव्या हिश्शाइतके द्यावे. ३० किलोच्या वासराला ३ लिटर. पहिला आठवडा तीन वेळा, नंतर दोन वेळा. दूध धारोष्ण दुधाइतके कोमट हवे, वेळ ठरलेली हवी. वासरू उभे असावे, मान कासेला लुचताना असते तशी थोडी वर. बुचाचे भोक मोठे करू नये. नळकांड्याने दूध घशात ओतले तर ते फुप्फुसात जाऊन वासरू दगावते. बाटली रोज गरम पाण्याने धुवावी.

आता मुख्य मुद्दा. गाईला चार पोटे असतात, पण जन्मलेल्या वासराचे चौथेच काय ते काम करते. चारा पचवणारे कोठीपोट लहान आणि कच्चे असते. लुचताना दूध त्याला वगळून थेट चौथ्या पोटात उतरते. त्यामुळे नुसत्या दुधावर कोठीपोट तयार होत नाही. ते तयार होते खुराकाने. दाणा तिथे आंबतो आणि त्यातूनच पोटाच्या आतल्या अस्तराची वाढ होते.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक पुढे ठेवावा. घरी करायचा तर १०० किलोला मक्याचा भरडा ५०, शेंगदाणा पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. बुरशी लागलेली पेंड वापरू नये. दूध पाजल्याबरोबर चिमूटभर खुराक तोंडाला लावावा. म्हणजे चवही लागते आणि वासरे एकमेकांची बेंबी चोखत नाहीत. स्वच्छ पाणी कायम हवे. दूध पाजतो म्हणून पाणी नको, ही समजूत चुकीची आहे.

तीन गोष्टी वासरापुढे ठेवू नयेत. सरकी पेंड, कारण तिच्यातील गॉसिपॉल कोवळ्या वासराला विषारी असते. युरिया मिसळलेला चारा. आणि वाढे. वाढ्यांत प्रथिने कमी, ऑक्झॅलेट जास्त. ते चुना (कॅल्शियम) बांधून ठेवते. हाडे भरण्याच्या वयात हा तोटा परवडत नाही. हंगामात वाढे फुकट मिळतात, पण ती मोठ्या जनावरांची वैरण आहे. वासराला मऊ हिरवा चारा, लसूणघास थोडा-थोडा द्यावा.

दूध तोडायचे ते तारीख पाहून नव्हे, घमेले पाहून. वासरू सलग तीन दिवस रोज सुमारे १ किलो खुराक खाऊ लागले की तोडावे. नीट सवय लावलेले वासरू बहुधा ८ ते १२ आठवड्यांत इथवर येते. आधी एक वेळचे दूध बंद करावे, मग आठ-दहा दिवसांत दुसऱ्या वेळचे कमी करत न्यावे. त्याच आठवड्यात शिंगे जाळणे, जागा बदलणे टाळावे. डेअरीला दूध जास्त जावे म्हणून लवकर तोडणाऱ्याचे वासरू खंगते. खुराकच न लावणाऱ्याला चार-पाच महिने दूध पाजत बसावे लागते. खुराक लावणाऱ्याचे दूधही वाचते आणि कालवडही.

हगवण लागली तर दूध पूर्ण बंद करू नये. मधल्या वेळेत ग्लुकोज व क्षाराचे पाणी पाजावे आणि डॉक्टरांना बोलवावे. साखर किंवा गूळ घालू नये. आपल्या कारखान्याची साखर कितीही चांगली असली तरी कोवळ्या वासराला ती पचत नाही, हगवण उलट वाढते. म्हशीच्या वगारीला दहा-पंधरा दिवसांतच जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

बेण्यावर खर्च करताना आपण हात आखडत नाही. कालवड हे गोठ्याचे बेणेच आहे.

— ऊस विकास अधिकारी