‘छान ताई’च्या पुढचं बोलणं

बायकांचा वाचनाचा ग्रुप सुरू करायला एक दुपार पुरते. तो बोलता ठेवणं अवघड, आणि बोलता झाल्यावर त्यातल्या बायांना जपणं त्याहून अवघड. हिंगोली जिल्ह्यात असा एक व्हॉट्सॲप ग्रुप आम्ही काही जणी चालवतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतल्या बाया त्यात आहेत. कुणी अंगणवाडी ताई, कुणी बचत गटाची सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती), कुणी रोजानं शेतात जाणारी, कुणी लेकरांच्या शिक्षणासाठी शहरात खोली करून राहिलेली. आता शेजारच्या जिल्ह्यांतून फोन येतात, ‘ताई, आम्हालाही करायचाय, कसा करू?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. काय जमलं ते थोडक्यात सांगेन. काय बिघडलं ते सविस्तर, कारण उपयोग त्याचाच होतो.

बहुतेक ग्रुप भांडणानं मरत नाहीत, ‘छान’नं मरतात. एखादीनं पुस्तकातला उतारा टाकला, की खाली ‘छान’, ‘खूप छान ताई’, जोडलेले हात, गुलाबाचं फूल. दुसऱ्या दिवशी सुप्रभात, मग कुणाचा वाढदिवस, मग देवाचा फोटो. महिन्याभरात निम्म्या जणी ग्रुप म्यूट करून टाकतात. चालवणारीला वाटतं आपण कमी टाकतोय, म्हणून ती आणखी उतारे टाकते आणि ग्रुप आणखी गप्प होतो. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला बाई ‘छान’ याशिवाय काय म्हणणार? शाळेत चुकीच्या उत्तराला हातावर छडी बसलेल्या बाया आहेत या. पुस्तकावर मत मागितलं की त्यांना ती परीक्षाच वाटते.

आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घेतलं तेव्हा हे नीट कळलं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक पहिल्याच पानांमध्ये येतो. तो भाग एकीनं वाचून आवाजात पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, ‘तुमच्या घरी कशाला हात लावायचा नाही असं होतं?’ त्या रात्री ग्रुप झोपलाच नाही. लोणच्याची बरणी, पापडाचा डबा, देव्हारा, तुळस, सासूचं अंथरूण. पाळीच्या दिवसांत कुणाला कुठं बसवायचे, कुणाचं ताट वेगळं असायचं, कुणाच्या हातावर पाणी वरून ओतायचे. ज्या जणी कधी एक शब्द लिहीत नव्हत्या त्यांनी दोन-दोन मिनिटांचे आवाज पाठवले. पुस्तक घरापर्यंत आणून सोडायचं, पुढं बाई आपोआप बोलते.

त्याच रात्री एकीनं लिहिलं, ‘तुम्हाला चार दिवस बरणीला हात लावू देत नव्हते. मह्या आजीला तुमच्या आडाला बारा महिने हात लावू देत नव्हते.’

त्यावर कुणीही काही बोललं नाही. बराच वेळ गेल्यावर कुणीतरी खाली ‘शुभ रात्री’चं चित्र टाकलं. ज्यांना ग्रुप चालवायचा आहे त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. त्या बाईनं ग्रुपमधलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य लिहिलं होतं आणि तिला मिळालं ते चित्र. सकाळपर्यंत तसंच राहिलं असतं तर ती पुन्हा कधी बोलली नसती, आणि तिच्यासारख्या ज्या वाचत होत्या त्याही बोलल्या नसत्या. सेनगावकडच्या एका वयस्कर मावशींना ते सहन झालं नाही. त्यांनी आवाज पाठवला, ‘बाई, मह्या सासरच्या आडावर हे मी डोळ्यानं पाह्यलं. मही घागर भरून घेतली अन् चालू लागले. तव्हा बोलाया पायजे होतं.’ पुढचं पुस्तक बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ घ्यायचं हे ग्रुपनं आपणहून ठरवलं.

तेव्हापासून आमच्याकडे ‘उत्तर देणाऱ्या’ दोघी ठरलेल्या असतात, आठवड्याला बदलणाऱ्या. चालवणारी त्यात नसते. पहिल्यांदा बोललेल्या बाईला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे, आणि उत्तर म्हणजे शाबासकी नव्हे. तिच्या बोलण्यातली एखादी गोष्ट धरून पुढं विचारायचं, ‘मग तुझ्या आईनं काय केलं?’ एवढं पुरतं. अवघड बोलण्याखाली शुभेच्छांचं चित्र पडू द्यायचं नाही. पडलंच तर ॲडमिनला ते सगळ्यांसाठी काढून टाकता येतं, बिनधास्त काढावं. विद्याताई बाळ यांनी १९८९ साली पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं तेव्हा हातात मासिक होतं, पत्र यायला-जायला दिवस लागायचे. तरीही त्यांनी वाचणाऱ्या बाईला बोलणारी बाई मानलं, म्हणून ते मासिक गावोगावच्या बायांना आपलं वाटलं. आपल्या हातात तर आता क्षणात पोचणारं साधन आहे. बाईला उत्तराविना ठेवायला काही कारणच उरलेलं नाही.

लिहिण्याचा आग्रह धरू नका हेही सांगते. आमच्यात तांड्यावरच्या बाया आहेत, त्या घरात गोरबोली बोलतात. काही जणींचं शिक्षण चौथीच्या पुढं गेलं नाही. लिहायला सांगितलं की त्या लाजतात, बोलायला सांगितलं की थांबत नाहीत. आपल्याकडे बायांचं साहित्य आधी तोंडीच होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा करवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्या रचणाऱ्या बहुतेक जणींना अक्षर येत नव्हतं. तेव्हा आवाज चालू द्या, बोली चालू द्या, ‘शुद्ध बोला’ म्हणणारीला पहिल्याच दिवशी थांबवा.

पण आवाजालाच सगळ्यांत मोठा धोका आहे, आणि तो आमच्या अनुभवाला आला.

औंढ्याकडच्या एका ताईनं सांगितलं होतं, की पाळीच्या चार दिवसांत तिला गोठ्याच्या कडेला झोपवत असत, पावसाळ्यातसुद्धा, पहिलं बाळ झालं तोवर. आमच्यातलीच दुसरी एक जण संध्याकाळी भाकरी थापत होती. हात पिठाचे, म्हणून फोन ओट्यावर ठेवून तिनं तो आवाज मोठ्यानं लावला. घरात सासूबाई होत्या, त्यांचं माहेर त्याच गावचं. दोन दिवसांत बोलणं त्या ताईच्या घरी पोचलं. ‘घरची अब्रू मोबाईलवर वाटतेस का,’ म्हणून तिचा फोन काढून घेतला. ती ग्रुपमधून गेली. पुष्कळ महिन्यांनी परत आली, पण आता ती फक्त ऐकते.

इथं कुणीही दुष्टपणा केला नव्हता. खेड्यात फोन बहुतेक वेळा एकट्या बाईचा नसतो. तो लेकाच्या खिशात असतो, नवऱ्यालाही त्याचा पासवर्ड ठाऊक असतो, रात्री पोरं त्यावर गेम खेळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं आढळलं, पुरुषांत ५७ टक्के. या ३३ टक्क्यांतही स्वतःच्या हक्काचा फोन किती जणींच्या हातात असेल, याचा विचार ग्रुप काढणारीनं आधी करावा.

त्या प्रसंगानंतर आम्ही एक साधी रीत पाडली. घरातलं काही सांगायचं असेल तर आधी ‘एकटीनं ऐका’ एवढे दोन शब्द लिहायचे, मग आवाज पाठवायचा. ते दोन शब्द दिसले की फोन कानाला लावायचा किंवा शेतात जाऊन ऐकायचा. मेसेज सात दिवसांनी आपोआप जातील अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, ती चालू ठेवली. अर्थात स्क्रीनशॉट काढायचाच असेल तर ही सोय तो अडवत नाही, हेही सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. ज्यांचा फोन सामाईक आहे त्यांनी तसं एका ॲडमिनच्या कानावर घालायचं. त्यांना आम्ही उत्तर द्यायच्या आधी ‘आता बोलू का?’ असं विचारतो. आणि जे सांगितल्यानं बाईच्या जिवाला धोका आहे, म्हणजे मारहाण, घराबाहेर काढणं, त्याची जागा ग्रुप नाही. त्यासाठी १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, तातडीची वेळ असेल तर ११२. हे क्रमांक आम्ही ग्रुपच्या माहितीतच लिहून ठेवले आहेत, म्हणजे मेसेज गेले तरी ते राहतात.

दुसरं संकट बाहेरून आलं. ग्रुपमध्ये यायची लिंक कुणीतरी चांगल्या मनानं बचत गटाच्या मोठ्या ग्रुपवर टाकली. त्यातून एक जण बाईच्या नावानं, फुलाचा फोटो लावून आत आला. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला दिसतो, हे आपण विसरतो. काही दिवसांनी दोघी-तिघींना रात्री फोन येऊ लागले. त्या सांगायला घाबरत होत्या, कारण घरी कळलं तर फोन जाणार तो त्यांचाच. एकीनं धीर केला तेव्हा बाकीच्या बोलल्या.

म्हणून लिंक कधीच उघडी सोडू नका. नवीन बाई ॲडमिनच्या मंजुरीनंच आत येईल अशी सोय ग्रुपच्या सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्या दिवशीच चालू करा. मंजुरीच्या आधी फोनवर दोन शब्द बोला, कुणाच्या ओळखीची आहे ते विचारा. असा कुणी घुसलाच तर ब्लॉक करायच्या आधी मेसेज आणि कॉलचे स्क्रीनशॉट ठेवा, पुरावा तोच असतो. फोनवरून, इंटरनेटवरून बाईचा असा पाठलाग करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात जाताना तिला एकटीला धाडू नका, दोघींनी सोबत जावं. ॲडमिन व्हायला बाया घाबरतात, ‘कुणी काही टाकलं तर आपल्यावर केस होईल’ म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरात ॲडमिनचा समान हेतू नसेल तर तेवढ्यासाठी तिला जबाबदार धरता येत नाही. हे सांगितल्यावर आमच्याकडे ॲडमिन व्हायला तिघी तयार झाल्या. एकटीनं ॲडमिन राहूही नये.

लाडकी बहीण योजनेच्या नावानं येणाऱ्या खोट्या लिंका ही रोजची डोकेदुखी. २०२४ मध्ये योजना आली, महिन्याला १५०० रुपये, आणि ई-केवायसीच्या नावाखाली लुबाडणारेही मागोमाग आले. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, ते नसेल तर लिंक उघडायची नाही, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० ला फोन लावायचा. जितका लवकर लावाल तितकी ते अडवले जाण्याची शक्यता जास्त.

ग्रुप तुटता तुटता वाचला तो २०२३ मध्ये. आरक्षणाच्या प्रश्नावरून मराठवाड्यात गावागावांत दोन बाजू पडल्या होत्या, आणि एका ताटात जेवणाऱ्या बाया एकमेकींना दुसऱ्यांनी लिहिलेले जहरी मेसेज पाठवत होत्या. चर्चाच बंद करा, असं काही जणींचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. बायांनी फक्त रांगोळी आणि रेसिपीवर बोलायचं हे कुणी ठरवलं? आम्ही फॉरवर्ड बंद केले, बोलणं नाही. जे सांगायचं ते स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या तोंडून. मग एकीनं लेकाच्या भरतीचं सांगितलं, दुसरीनं लेकीच्या फीचं. मतं बदलली नाहीत. पण एकमेकींच्या घरातली अडचण कळली, आणि ग्रुप सोडून कुणी गेलं नाही.

पुस्तकांच्या पीडीएफबद्दलही बोलते, कारण चांगल्या मनाच्या बायाच हे करतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क कायम असतो. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या, त्यांचं पुस्तक वाचून पाठवायला हरकत नाही. ताराबाई शिंदे यांचं १८८२ चं ‘स्त्री-पुरुष तुलना’ही खुलं आहे. अलीकडच्या लेखिकांची पुस्तकं मात्र विकत घ्या, वाचनालयातून आणा, चार जणींत एक प्रत फिरवा. बायांच्या लिहिण्याला मान द्यायचा म्हणून आपण जमतो, मग त्यांचं पुस्तक फुकट वाटून कसं चालेल?

हंगामाप्रमाणे ग्रुप शांत होतो, त्याला घाबरू नका. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, फेब्रुवारी-मार्चात हळद. वसमतकडच्या बाया दिवसभर हळद काढून, शिजवून, पिवळे हात घेऊन घरी येतात, त्यांच्याकडून रात्री उताऱ्यावर चर्चा मागणं हा अन्याय आहे. त्या दिवसांत आम्ही आठवड्याला एकच छोटा आवाज पाठवतो. ऊसतोडीला गेलेल्या बायांना तेवढाही पुष्कळ होतो. कोपीवरून त्यांचा उलट आवाज येतो, पाठीमागं ट्रॅक्टर चालू असतो, आणि त्या गावातल्या पाण्याची, म्हाताऱ्या सासऱ्याची खुशाली विचारतात. त्यांना यादीतून काढू नका, गप्प राहिल्या तरी.

आणि वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष भेटा. आम्ही संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान नर्सी नामदेवला जमतो. वाण सगळ्यांना, विधवा बायांनाही, याबद्दल पहिल्या वर्षी ग्रुपवर बराच वाद झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता, तो वाचून दाखवल्यावर बोलणं पुढं सरकलं. समोरासमोर बसल्यावर कोणता आवाज कुणाचा हे कळतं आणि ज्या वर्षभर नुसत्या ऐकतात त्याही बोलायला लागतात. भेट दुपारी बाराला सुरू करा, चारला संपवा. परतीच्या एसटीची वेळ आधीच ग्रुपवर टाका. अंधार पडायच्या आत घरी पोचेल याची खात्री असेल तरच बाईला घरून पाठवतात.